ऑलिव्हच्या देशातील भाऊबंदकी

सॉक्रेटिस आणि सिकंदर ही नावे शाळेच्या पुस्तकात तुम्ही वाचलीच असतील. पण त्यांचा ग्रीस देश मुळात शेतकऱ्यांचा होता, हे पुस्तकात फारसे सांगितलेले नसते. चला तर, आज अथेन्स नगरीत एक फेरफटका मारू.

शहराच्या मधोमध अक्रोपोलिस नावाची खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर अथेना देवीचे संगमरवरी मंदिर, पार्थेनॉन. इथून नजर टाकली की तीन बाजूंना डोंगर आणि नैऋत्येला समुद्र दिसतो. मधले खोरे आता घरांनी भरून गेले आहे. त्याभोवतीचा सारा मुलूख जुन्या काळी शेतीवर जगत असे. जमीन हलकी, मुरमाड. पाऊस हिवाळ्यात, तोही बेताचा. गहू थोडा, सातू बऱ्यापैकी, आणि ऑलिव्ह, द्राक्षे, अंजीर ही खरी पिके. डोंगरांनी देशाचे लहान लहान तुकडे पाडलेले. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खोऱ्याचे वेगळे राज्य झाले. अशी नगरराज्ये हजाराच्या आसपास होती. भाषा एक, देव एक. कायदे आणि सैन्य मात्र ज्याचे त्याचे.

अथेन्सची भरभराट कशी झाली? इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास तिथला लहान शेतकरी कर्जात बुडाला होता. गहाण जमिनीत खुणेचे दगड रोवलेले असत. कर्ज फिटले नाही तर माणूस स्वतःच गुलाम म्हणून विकला जाई. इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोन हा कारभारी झाला. त्याने कर्जे रद्द केली, ते दगड उपटून काढले आणि माणूस तारण ठेवण्यास कायमची बंदी केली. जमिनीची फेरवाटणी मात्र केली नाही. धान्य बाहेर विकण्यास त्याने मनाई केली. मोकळीक दिली ती ऑलिव्हच्या तेलाला. नागरिकांचे वर्गही त्याने पिकाच्या मापावर ठरवले. मधल्या शेतकरी वर्गाचे नाव 'झुगोन' या शब्दावरून पडले. झुगोन म्हणजे आपले बैलाचे जू. आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत, बरे का!

अक्रोपोलिसच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे. खडकातच कोरलेला एक चौथरा तिथे अजून पाहायला मिळतो. त्यावर उभे राहून कोणीही नागरिक बोलू शके आणि समोरची सभा हात वर करून निर्णय घेई. स्त्रिया, गुलाम आणि परके यांना मात्र तिथे जागा नव्हती. तरी शेतकऱ्याला आपल्या राज्याविषयी बोलता येऊ लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. याच माणसांनी इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर बलाढ्य इराणी फौज परतवली. दहा वर्षांनी पुन्हा स्वारी झाली, तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा एकत्र लढले.

संकट टळले आणि भाऊबंदकी सुरू झाली. संरक्षणासाठी इतर नगरांनी जमा केलेला निधी अथेन्सने इ. स. पूर्व ४५४ मध्ये स्वतःकडे आणला. मित्र मांडलिक झाले. स्पार्टाला ते खुपले आणि इ. स. पूर्व ४३१ मध्ये युद्ध पेटले.

पेरिक्लीस या पुढाऱ्याने खेड्यांतील सगळ्यांना तटाच्या आत बोलावले. उत्तरेकडील अखार्नाय गावच्या लोकांना आपल्याच शेतांची नासधूस तटावरून पाहावी लागली. पुढल्या वर्षी दाटीवाटीच्या वस्तीत साथ आली आणि हजारो माणसे दगावली. नंतर पेरिक्लीसही गेला. ॲरिस्टोफेनिसने इ. स. पूर्व ४२५ मध्ये या गावावरून एक नाटक लिहिले. त्यातला कंटाळलेला शेतकरी शत्रूशी आपल्या घरापुरता तह करून मोकळा होतो! लोक हसले, पण युद्ध थांबले नाही. इ. स. पूर्व ४१५ मध्ये सभेने दूरच्या सिसिलीवर आरमार धाडले. दोन वर्षांत ते पुरते बुडाले. आता धान्य काळ्या समुद्राकडून जहाजांनी येई. इ. स. पूर्व ४०५ मध्ये उरलेले आरमार गेले, ती वाट बंद झाली आणि उपाशी नगरी शरण आली.

जिंकणाऱ्या स्पार्टाचेही भले झाले नाही. नगरे आपापसांत झुंजतच राहिली. इ. स. पूर्व ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, त्यांना नमवले, इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमने उरलेसुरले स्वातंत्र्य संपवले.

अथेन्सला कधी जाणे झाले, तर पार्थेनॉन पाहून झाल्यावर प्निक्सवर जरूर जा. कर्जातून सुटलेला शेतकरी याच टेकडीवर ताठ उभा राहून बोलला. आणि शेजाऱ्यांवर हुकमत गाजवण्यासाठी हातही इथेच वर झाले. पडझड झाली तिची सुरुवात इथूनच झाली.