भोरड्यांचा निरोप

मार्च लागला की न्यायालयात जाण्यापूर्वी मी टिळकवाडीतील उद्यानात पांगाऱ्याखाली थांबतो. लाल फुलांवर भोरड्यांचा गलका चाललेला असतो. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. एप्रिलच्या मध्यापर्यंत हे थवे मध्य आशियाकडे निघून जातात. तेथे टोळ-नाकतोड्यांवर पिले वाढवतात आणि जुलै-ऑगस्टपासून परतू लागतात. जन्म तिकडचा, पण वर्षातील आठ-नऊ महिने वास्तव्य आपल्याकडे. यांच्या अधिवासाचा दावा मी आनंदाने लढेन!

परवा दुर्बीण घेतलेल्या एका मराठी तरुणाने मला त्यांचे इंग्रजी नाव अचूक सांगितले. ‘आपल्यात काय म्हणतात?’ असे विचारताच तो गप्प झाला. माझे वडील हुरड्यात आलेल्या जोंधळ्यावरून याच भोरड्या गोफणीने हाकत. त्यांच्या तोंडी हा शब्द रागाचा होता, पण रोजचा होता. पुढे शेत गेले, गोफण गेली. मराठी फलकांसाठी निवेदनांमागून निवेदने लिहिणाऱ्या मी हा एक शब्द मात्र माझ्या मुलीला कधी सांगितलाच नव्हता.

भोरड्या पावसाळ्यात परततील. त्या तरुणाला मी नाव सांगितले. संध्याकाळी मुलीलाही फोन केला.