न्यूटनच्या घराचा उंबरठा

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात वूल्स्थॉर्प नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील दगडी शेतघरात १६४२ साली आयझॅक न्यूटन यांचा जन्म झाला. लंडनला मुलीकडे गेलो असता, माझ्या ८२ वर्षांच्या आईसह ते पाहण्याचा योग आला.

घर साधेच आहे. स्थानिक चुनखडीच्या दगडाच्या जाड भिंती, दगडी खांबांनी विभागलेल्या खिडक्या, आत शेकोटी. दगड सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळे बाहेर ऊन असूनही आत गारवा होता. उतारवयात थंडीची जाणीव मंदावते, म्हणून मी न विचारताच आईच्या खांद्यावर शाल घातली.

दारातच ती थबकली. "थांब रे, आतलं काही दिसेना." प्रखर उजेडातून अंधाऱ्या जागी शिरताना वृद्ध डोळ्यांना स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो, आणि नेमका त्याच क्षणी उंबरठा आडवा येतो. गतवर्षी आमच्याच दारात ती अशी पडली व तिचे मनगट मोडले. रुग्णांना रोज सावधगिरी शिकविणाऱ्या मला स्वतःच्या दाराशी आधाराचा दांडा बसविण्यास सवड झाली नव्हती.

आई खाली बसली. मी माडीवर गेलो. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झाले, तेव्हा न्यूटन याच घरी परतले. खिडकीच्या छिद्रातून आलेला सूर्यकिरण लोलकातून नेऊन त्यांनी प्रकाशाचा अभ्यास केला. पुढे १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. तो वाचविण्यासाठी अनेकांनी खिडक्या बुजविल्या. आपण मात्र कर नसतानाही, 'वारा लागेल' म्हणून म्हाताऱ्यांच्या खोलीची खिडकी सदैव लावून ठेवतो!

१६७९ मध्ये आई तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा न्यूटन यांनी रात्र-रात्र जागून तिची शुश्रूषा केली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ते वाचलेले तेथे आठवले आणि मी खजील झालो.

परतल्यावर प्रथम सुतारास बोलाविले. दाराशी दांडा बसला, उंबरठ्यावर उजळ पट्टी आली, न्हाणीघराच्या वाटेवर रात्रीचा दिवा लागला. आपणही आज घरातील वडीलधाऱ्यांच्या वाटेने एकदा सावकाश चालून पाहावे. कोठे अंधार आहे, कोठे पाय अडतो, हे ध्यानी येईल. ते काम मात्र उद्यावर टाकू नये.