गाडी परत मागवली, पण निरोप पोचला कुणाला?

"अमुक कंपनीने इतक्या गाड्या परत मागवल्या" अशी बातमी आली की आपल्या चौकात दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली, "बघा, मी सांगत होतो त्या कंपनीची गाडी घेऊ नका." दुसरी, "म्हणजे आता गाडी घेऊन पैसे परत देणार का काय?"

यात चूक आम्हा पेपरवाल्यांच्या भाषेचीही आहे. 'परत मागवल्या' हा शब्द आम्हीच रूढ केला. प्रत्यक्षात गाडी कुणी परत घेत नाही. एखादा सुटा भाग सदोष निघालेला असतो, तो कंपनीने स्वखर्चाने बदलून द्यायचा, एवढाच रिकॉलचा अर्थ.

आज लिहायचंय ते फ्युएल पंपाच्या रिकॉलबद्दल. पेट्रोल गाडीत हा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. लहानशी विजेची मोटर आणि तिच्यावर फिरणारी प्लॅस्टिकची चकती, तिला इंपेलर म्हणतात. ही चकती फिरते तेव्हा पेट्रोल इंजिनापर्यंत जातं. २०२० मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे ५८ लाख गाड्यांचे पंप बदलायला काढले, तेव्हा कारण हेच निघालं. चकतीचं प्लॅस्टिक हव्या त्या घनतेचं नव्हतं. त्याला बारीक भेगा पडतात, त्यात पेट्रोल मुरतं, चकती फुगते आणि बाजूच्या कवचाला घासायला लागते. घासता घासता एक दिवस अडकते. पेट्रोल बंद, इंजिन बंद. पंप बनवणारी कंपनी होती जपानची डेन्सो, म्हणजे गाडीवरचं नाव एकाचं आणि आतला पंप दुसऱ्याचा.

आपल्याकडे होंडाने जून २०२० मध्ये ६५,६५१ गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला, कारण पुन्हा इंपेलरचंच. त्याच्या पुढच्या महिन्यात मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. एप्रिल २०२१ मध्ये होंडाच्या आणखी ७७,९५४. मार्च २०२४ मध्ये पुन्हा मारुतीच्या १६,०४१, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा होंडाच्या ९० हजारांवर.

यातले पहिले दोन महिने नीट आठवा. जून आणि जुलै २०२०. निम्म्या गावांत पेपर येत नव्हता, आला तरी लोक हात लावायला घाबरत होते. दवाखान्यात बेड मिळतोय का, एवढीच बातमी माणसं वाचत होती. त्यात फ्युएल पंपाचं कोण वाचणार?

आता मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. त्यांनी पुण्याहून जुनी गाडी आणली, त्यांच्याकडे आली तेव्हा तिसऱ्या हातातली. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. चिपळूणला बहिणीकडे कार्यक्रम उरकून संध्याकाळी परत येत होते. गाडीत वहिनी, सून आणि आठ महिन्यांचा नातू. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना वळणावर गाडी बंद पडली. पाऊस, धुकं, मागून येणारा ट्रक. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक एकदोनदाच नीट लागतो, मग पाय दाबून दाबून दमतो. अण्णांनी हँडब्रेक ओढला, वहिनींनी उतरून चाकामागे दगड लावला. ट्रकवाला शहाणा होता, त्याने लांबूनच दिवे बघितले. नंतर मोबाइलला रेंज येईपर्यंत सून बाळाला घेऊन कठड्याशी उभी होती. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना अण्णांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

बरं, गाडी काही पहिल्यांदा बंद पडली नव्हती. तीन महिने तिची कुरकुर चालली होती. एका मेस्त्रीने प्लग बदलले. दुसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे, पंप बदला. अण्णांना वाटलं पेट्रोल पंप बदला, म्हणून ते आठ किलोमीटर लांबच्या पंपावर जाऊन तेल भरायला लागले! (हे ऐकून मी हसलो, तेही हसले, पण घाटानंतर.) तिसऱ्याने टाकी धुतली. मेस्त्रींना मी दोष देत नाही. कोणत्या महिन्यातल्या कोणत्या गाडीचा पंप सदोष आहे हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

मी आरसी बुक मागितलं. चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं: फ्युएल पंप बदलणं बाकी. सर्व्हिस सेंटरला गेलो तर काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला, "ही गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला येतच नाही." मोबाइलवरचं पान दाखवल्यावर मॅनेजर आले. दीड तासात पंप बदलला, एक रुपया घेतला नाही. तीन महिन्यांत बाहेर घातलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. मी विचारलं, कळवलं का नाही? ते म्हणाले, पत्र पाठवलं होतं, मेसेजही केला होता. कुणाला? पहिल्या मालकाला, पुण्याच्या पत्त्यावर.

मॅनेजर खोटं बोलत नव्हते. कंपनीच्या वहीत शोरूममधून गाडी नेणाऱ्याचाच नंबर असतो. नंतर ती कुणाकडे गेली हे आरटीओला माहीत असतं, तेसुद्धा गाडी नावावर झाली असेल तर. आपल्याकडे सह्या केलेले फॉर्म कपाटात ठेवून वर्षानुवर्षं गाड्या फिरतात, हे वेगळं सांगायला नको.

कायदा नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वाहन पोर्टलवर तक्रारीची सोयही आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त तक्रारी आल्या की पुढची चौकशी. पण आपल्याकडची तक्रार गॅरेजच्या बाकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. पोर्टलपर्यंत ती जातच नाही, मग तिची मोजणी कशी होणार?

आणि मला सगळ्यात खटकते ती वयाची अट. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. पुण्या-मुंबईत गाडी पाच-सहा वर्षं वापरतात, मग विकतात. ती आपल्या तालुक्यात येते तेव्हा सातवं वर्ष लागलेलं असतं. पुढे आपण ती दहा वर्षं चालवतो, लग्नाला, दवाखान्याला, घाटातून. ज्या वयात गाडी आपल्याकडे येते, नेमकं त्याच वयात नियमाने हात वर करायचे, हा कुठला हिशेब?

उपाय फार अवघड नाही. दरवर्षी पीयूसी काढताना, विमा भरताना, गाडी नावावर करताना तिचा नंबर कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरवर टाकला जातोच. 'रिकॉल बाकी आहे' एवढी एक ओळ तिथे दिसली तर पुरे. चलन बाकी असेल तर आपल्या मोबाइलवर लगेच दिसतं, मग सदोष पंप का दिसू नये? अमेरिकेत सरकारी वेबसाइटच्या एकाच पानावर कुठल्याही कंपनीच्या गाडीचा नंबर टाकून बघता येतो. आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन शोधा. हे मी आमदारसाहेबांच्या कार्यालयात लेखी दिलंय, पोच घेतलीय. आरटीओत विचारलं तर "वरून काही सूचना नाहीत" असं उत्तर मिळालं.

तोवर आपलं आपण करू. २०१७ ते २०२० दरम्यान बनलेली पेट्रोल गाडी असेल, विशेषतः जुन्या बाजारातून घेतलेली, तर आज संध्याकाळीच बघून घ्या. आरसी बुकावर चेसिस नंबर असतो, १७ अक्षर-आकड्यांचा. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान शोधून तो टाका. त्यात इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं नसतात, तसं काही दिसलं तर ते शून्य आणि एक आहे. जमत नसेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी एसटी स्टँडसमोरच्या ऑफिसात आहे, आरसी बुक घेऊन या. नंबर कमेंटमध्ये टाकू नका.