गाळलेला शब्द

इंग्रज माणूस जुन्याचा मोठा लोभी, असे म्हणतात. किल्ले, राजवाडे, चर्च तो शतकानुशतके जपत आला. पण मोडलेले कसे जपावे, हे पाहावे ते कॉव्हेन्ट्रीच्या सेंट मायकेल कॅथीड्रलमध्ये.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बांनी हे मध्ययुगीन प्रार्थनामंदिर जळाले. उरल्या बाहेरच्या भिंती, मनोरा आणि त्यावरचे उंच शिखर. दुसऱ्या कोणी पडके पाडून जागा मोकळी केली असती, नाही तर जुन्याची हुबेहूब नक्कल उभारली असती. बेसिल स्पेन्स या वास्तुशिल्पज्ञाने दोन्ही टाळले. भग्न अवशेष तसेच राखून त्याने शेजारीच नवे कॅथीड्रल बांधले. १९६२ साली ते खुले झाले. त्याची जुन्याकडची भिंत काचेची आहे. आत उभा असलेला माणूस मागे वळला, की जुनी जखम दिसावी!

त्या भग्न मंदिरात वेदीमागे क्षमेची प्रार्थना कोरली आहे. बायबलातल्या वाक्यात 'त्यांना' हे पद आहे. येथे ते मुद्दाम गाळले आहे. आम्हां भाषेच्या मास्तरांची नजर नेमकी अशा जागी अडते. 'त्यांना' म्हटले, की आपण सुटतो. १९४५ साली ड्रेस्डेन जाळणाऱ्या विमानांत ब्रिटिश विमानेही होतीच की!

दगड जपणे त्या मानाने सोपे. ही एका शब्दाची रिकामी जागा जपणे अवघड. कारण तिथे जेत्यालाही मान खाली घालून उभे राहावे लागते.