वायरी गेल्या कुठे?

पाहुणे यायचे म्हटले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो. गाडीतल्या वायरींचे तसे करून भागत नाही. आमच्या 2003 च्या कोरोलाचा कॅसेटवाला स्टिरिओ बदलायचे ठरले ते मुलीसाठी. गाडी आता तिच्याकडे जाणार, आणि फोनची वायर गिअरभोवती लोंबत ठेवून तिने हायवेवर जावे हे काही मला पटेना.

काम तसे अवघड नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. तयार हार्नेस आणला की गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. त्यातली पिवळी कायम 12 व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थची. टोयोटाचा खण 200 मिमी रुंद, नवा संच 180. म्हणून दोन्हीकडे 10 मिमीच्या पट्ट्या. यूएसबीची वायर ग्लव्ह बॉक्सच्या मागून आणली आणि घासेल तिथे कापडी टेप गुंडाळली, नाहीतर खडखडाट जन्माचा मागे लागतो! फोनच्या मायक्रोफोनची वायर काचेशेजारच्या खांबातून वर जाते. त्या खांबात एअरबॅग असेल, तर वायर तिच्या मागूनच न्यावी, पुढून कधीही नाही.

"बाबा, वायरी गेल्या कुठे?" कन्येने विचारले. भरून पावलो.

जुना स्टिरिओ मात्र टाकला नाही. मी इथे एम.एस.ला आलो तेव्हा, 2000 साली, अण्णांनी पत्राऐवजी एक कॅसेट बोलून पाठवली होती. ती वाजवणारे घरात हेच एक यंत्र. कायमचा आणि चावीचा, दोन्ही जोडांना 12 व्होल्ट दिले, दोन स्पीकर लावले, की गॅरेजमध्ये अण्णा विचारतात, "जेवलास का रे?"