जुना पट्टा

जुनी वस्तू विकावयास निघालेला मनुष्य थोडाबहुत वकील होतोच. टेबलाचा पाय लंगडा असला की तो शिसवी लाकडाची थोरवी गातो. पुस्तकाचा पुठ्ठा निखळला असला की आवृत्ती दुर्मीळ असल्याचे सांगतो. या वकिलीत मोठेसे पाप आहे असे मला वाटत नाही. घेणाऱ्यालाही डोळे असतात. लंगडा पाय त्यालाही दिसतो.

परंतु मध्यंतरी एका वस्तूपुढे माझी वकिली निरुत्तर झाली. माझा पुतण्या हौसेखातर कोइमतूरजवळच्या करी धावपट्टीवर मोटार पळवीत असे. नोकरीसाठी परदेशी जाताना त्याने मोटार मोडीत काढली आणि तिच्यातला सुरक्षापट्टा माझ्या स्वाधीन केला. "काका, येईल त्या किमतीला देऊन टाका," एवढेच तो म्हणाला.

आपल्या नेहमीच्या मोटारीतला तीन टोकांचा पट्टा १९५९ साली व्हॉल्व्होच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने प्रचारात आणला. हा पट्टा सहा टोकांचा. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून येतात आणि पोटापाशी एका कड्यात अडकतात. कडे फिरविले की सारे एकदम सुटतात. त्याला शिवलेल्या चिठ्ठीवर मुदतीचे वर्ष छापलेले होते, आणि ते उलटून गेले होते. अशा पट्ट्यांना साधारणतः पाच वर्षांचे आयुष्य देतात. उन्हाने धागे क्षीण होतात. शिवाय धडकेच्या वेळी ताणले जाऊन शरीराचा वेग आपल्या अंगावर घेणे, हाच या धाग्यांचा धर्म. एकदा तसे ताणले गेले की ते पूर्ववत होत नाहीत. आमच्या या पट्ट्याने पुतण्याला एका भिंतीपासून वाचविले होते. वरून पाहता मात्र तो कोरा करकरीत!

एक विद्यार्थी तो घ्यावयास आला. मी त्याला मुदत दाखविली, धडकेची हकीकतही सांगितली. त्याने पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"सर, याला तर काहीच झालेले दिसत नाही. नवा मला परवडत नाही. आणि मी काही स्पर्धेत उतरणार नाही. तिथे चिठ्ठी कोण पाहतो?"

चिठ्ठी पाहणारा नसला, तरी भिंत तीच असते. लंगडा पाय पाहून टेबल घेणारा आपल्या जबाबदारीवर घेतो. इथे दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सांगूनही पटत नाही. मी नकार दिला. मुलगा नाराज होऊन गेला. कदाचित दुसरीकडे त्याला याहून वाईट पट्टा मिळेल, आणि तिथे कोणी धडकेचे नावही काढणार नाही. ही रुखरुख मला अजून आहे.

भंगारवाल्याच्या हातून तो पुन्हा कोणाच्या खांद्यावर चढू नये, म्हणून मी त्याचे तुकडे केले. त्यातला एक जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याला बांधला आहे. तेवढे ओझे तो सहज पेलतो.