रक्त थांबल्यानंतरचे दिवस

भाद्रपद म्हटला की गणपती आठवतात, पितृपंधरवडा आठवतो आणि गल्लीतल्या कुत्र्यांची टोळकीही आठवतात. रस्त्यावरच्या कुत्र्या साधारण पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि पिल्लं थंडीत जन्मतात, हे जुन्या माणसांना पाठ असतं. घरात वाढलेल्या मोठ्या जातीच्या कुत्रीला हा हिशेब लागू पडत नाही. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्या माद्या चैत्रातही माजावर येतात आणि पौषातही. मुंबईत दिंडोशीला असलेल्या माझ्या दवाखान्यात अशी कुटुंबं येतात तेव्हा ती लादीवरच्या रक्ताने घाबरलेली असतात. पशुवैद्य म्हणून माझी काळजी त्या रक्तापाशी नसते. ती सुरू होते रक्त फिकट झाल्यावर, आणि सगळं आटोपलं असं वाटल्यानंतरही दोन महिने टिकते.

लहान जातीची कुत्री सहाव्या-सातव्या महिन्यात वयात येते. मोठ्या जातीत हे उशिरा घडतं. लॅब्रेडॉरला बहुधा नऊ महिने ते वर्षभर लागतं, ग्रेट डेन किंवा मॅस्टिफला दीड ते दोन वर्षंही लागतात. दोन माजांमधलं अंतर सरासरी ७ महिन्यांचं, पण जर्मन शेफर्ड पाच महिन्यांतही परत माजावर येते आणि महाकाय जातीची कुत्री वर्षातून एकदाच. त्यामुळे शेजारच्या कुत्रीशी तुलना करून घाबरू नका. दोन वर्षं उलटूनही काहीच झालं नाही, तर मात्र तपासणीला आणा. काही कुत्र्या स्वतःला इतक्या नेटाने चाटून साफ ठेवतात की घरात एक थेंबही दिसत नाही. अशा कुत्रीच्या अंथरुणावर पांढरी जुनी चादर घालावी आणि रोज सकाळी योनीच्या जागी पांढरा टिश्यू पेपर टेकवून पाहावा.

बाईच्या पाळीत गर्भ राहिला नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीच्या शरीरात क्रम वेगळा आहे. इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाच्या नि योनीच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. हे सगळं बीज सुटण्याच्या आधी. ही पहिली पायरी सरासरी ९ दिवसांची, पण ३ दिवसांपासून १७ दिवसांपर्यंत कितीही असू शकते. या काळात नर मागे लागतात आणि ती त्यांच्यावर गुरगुरते. मग इस्ट्रोजेन उतरतं, प्रोजेस्टेरॉन चढतं, स्राव गुलाबी आणि पुढे गवताच्या काडीसारखा पिवळसर होतो, सूज मऊ पडते. कंबरेवर हात ठेवला की ती शेपूट बाजूला करून स्तब्ध उभी राहते. गर्भ राहण्याचे दिवस हे आहेत, आणि तेही सरासरी ९, पण २१ पर्यंत ताणू शकतात. सुटलेलं बीज पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस घेतं आणि नराचे शुक्राणू तिच्या शरीरात आठवडाभर जिवंत राहू शकतात. ‘रक्त थांबलं, आता मोकळं सोडायला हरकत नाही’ असं म्हणून नेमक्या याच दिवशी तिला मोकळं सोडलं जातं.

म्हणून मी प्रत्येक घराला एकच गोष्ट करायला सांगते. पहिला थेंब दिसला ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहा. तिथून चार आठवडे पूर्ण होईपर्यंत पट्टा सुटता कामा नये. पुढच्या दोन महिन्यांच्या पानांवरही खूण करून ठेवा, ती कशासाठी ते पुढे येईलच. मोठ्या जातीच्या तरुण कुत्रीत आणखी एक गुंता होतो. माज सुरू होतो, आठवड्याभरात विझतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा उसळतो. याला तुटक माज म्हणता येईल. बीज बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला सुटतं, म्हणून तेव्हा नवी तारीख लिहून मोजणी पहिल्यापासून करायची. कुत्री नक्की कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायला रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनची चाचणी आणि योनीतल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, दोन्ही मुंबईत होतात.

आता बाहेर नेण्याबद्दल. पुस्तकांत सल्ला असतो की माजावरच्या कुत्रीला वर्दळ नसताना, पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवा. दिंडोशीत मी हा सल्ला देत नाही. आपल्याला लागून आरे आहे, चित्रनगरी आहे आणि त्यांच्या पलीकडे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्या इथला रहिवासी आहे आणि त्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, ते इथल्या रहिवाशांना विसरता येणार नाहीत. अशा ठिकाणी माजावरची कुत्री पट्ट्याला धरून आणि चार-पाच नर मागे घेऊन अंधारात जंगलाच्या कडेने चालणं हा नसता धोका आहे. तिला उजेडी न्या. सकाळी दहा-अकराच्या सुमारास किंवा दुपारी उन्हं कलताना रस्त्यावरचे नर बहुधा गाड्यांखाली सावलीत पडून असतात. डांबर तापलं आहे का, हे तळहात टेकवून पाहा. फेरी दहा-पंधरा मिनिटांची पुरे. तिचा व्यायाम थोडे दिवस घरातच, लपवलेला खाऊ शोधायला लावून भागवा.

मोठ्या कुत्रीच्या बाबतीत ताकदीचा प्रश्न खरा आहे. लॅब्रेडॉर मादी तीस किलोच्या आसपास भरते, रॉटवायलर चाळिशीच्या पुढेही जाते. एरवी शहाण्यासारखी चालणारी कुत्री या दिवसांत नराकडे अशी झेप घेते की धरणारा माणूस जमिनीवर येतो. शाळकरी मुलाच्या किंवा आजीच्या हाती तिला देऊ नका. गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घाला, दोन वेगळे पट्टे लावा, आणि लांबत जाणारा दोरीचा पट्टा महिनाभर खुंटीला टांगून ठेवा. फिरवायला डॉग वॉकर मुलगा येत असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. अनेक घरांत संकोचापोटी त्याला सांगितलंच जात नाही, आणि तो नेहमीप्रमाणे इतर दोन नरांबरोबर तिला घेऊन निघतो.

सोसायटीच्या फाटकाशीच तिला लघवी करू देऊ नका. त्या वासाने नर फाटकापाशी ठाण मांडतात, रात्रभर भुंकतात आणि मग वॉचमन, शेजारी, कमिटी सगळे तुमच्या दारात. जमलं तर थोडं दूर नेऊन फिरवा, परतल्यावर फाटकाजवळची जागा पाण्याने धुऊन टाका. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरण्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. तो तुमचा हक्क आहे. लिफ्टमध्ये थेंब पडला तर खिशातल्या फडक्याने लगेच पुसणं ही तुमची जबाबदारी. गल्लीतल्या नरांच्या कानाला खाच आहे का तेही पाहा. खाच म्हणजे पालिकेच्या मोहिमेत नसबंदी झालेली. ज्यांच्या कानाला खाच नाही त्यांच्यासाठी वॉर्ड ऑफिसला कळवणं हेही तुमच्या कुत्रीच्या काळजीत मोडतं.

घरात डायपर किंवा धुता येणारी चड्डी घालायला हरकत नाही. फक्त मुंबईच्या दमट हवेत ती दिवसभर चढवून ठेवली की खालची कातडी लाल होते, ओली राहते, चिघळते. दर तीन-चार तासांनी बदला, मधे उघडं राहू द्या, कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. जंतुनाशकाचं पाणी त्या नाजूक जागी लावू नका. आणि डायपर गर्भधारणा थांबवत नाही. नर तो ओढून काढतो, मादीही काढू देते. घरातच नसबंदी न केलेला नर असेल तर मधलं दार किंवा जाळी पुरत नाही, मोठी कुत्री दोन्ही मोडते. त्याला महिनाभर नातेवाइकांकडे पाठवणं हाच उपाय. सख्खा भाऊ असला तरी जनावर नातं पाळत नाही.

गौरी-गणपतीत किंवा नवरात्रात माज आला की काही घरांत तिला बाल्कनीत बांधतात. हे मला मनापासून खटकतं. या दिवसांत ती आधीच अस्वस्थ असते, माणसांना चिकटून बसते, आणि तेव्हाच तिला घराबाहेर काढलं जातं. पूजेच्या खोलीचं दार लावून घ्या, तिला तिच्या खोलीत तिच्या माणसाजवळ राहू द्या. एवढं सहज करता येतं.

खाण्याबद्दल थोडंच. भूक कमी होणं स्वाभाविक आहे. रक्त जातं म्हणून लोहाचं टॉनिक किंवा डिंकाचे लाडू देऊ नका. जाणारं रक्त नगण्य असतं, आणि लाडवातल्या मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पोट दुखत असेल म्हणून पाळीच्या दिवसांतली माणसांची वेदनाशामकं तर अजिबात नकोत. मेफेनामिक ॲसिड, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात.

सगळं सांभाळूनही नर येऊन जुळला, तर ओढाताण करू नका, पाणी ओतू नका, काठी मारू नका. ती दोघं दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकलेली राहतात आणि जबरदस्तीने दोघांनाही इजा होते. सुटल्यावर तिला घरी आणा, दुसरा नर जवळ येऊ देऊ नका, कारण एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गर्भ थांबवण्यासाठी पूर्वी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं सर्रास दिली जात. त्यांनी अस्थिमज्जा खचू शकते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. ती मागू नका. माज ‘पुढे ढकलण्याची’ हार्मोनची इंजेक्शनंही गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढवतात. रस्त्यावरच्या नराकडून टीव्हीटी नावाची गाठ येऊ शकते, हेही लक्षात ठेवा. हा संसर्गजन्य कर्करोग आहे. यात विषाणू पसरत नाही, खुद्द कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, आणि या पेशींची वंशावळ काही हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्यापर्यंत मागे जाते. माज संपून काही आठवडे उलटल्यावरही थेंब-थेंब रक्त दिसत राहिलं तर ही शंका घ्यावी. व्हिन्क्रिस्टिनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

‘एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. प्रश्न गर्भाशय नि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया केव्हा करायची, एवढाच. पहिल्या माजाआधी ती केली तर स्तनांच्या गाठींचा धोका सर्वांत कमी, असं १९६९ च्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध अभ्यासापासून शिकवलं जातं. पण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर केलेल्या अभ्यासात फार लवकर शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे आजार जास्त आढळले. मोठ्या जातीत शस्त्रक्रियेनंतर लघवी न थांबण्याचा त्रासही अधिक दिसतो. मोठ्या कुत्रीची हाडं भरेपर्यंत थांबावं, एखादा माज येऊ द्यावा आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, रक्तवाहिन्या शांत असताना शस्त्रक्रिया करावी, असं माझं मत आहे.

शस्त्रक्रिया झाली नसेल तर कालनिर्णयवरच्या त्या पुढच्या दोन महिन्यांकडे या. माज संपल्यावर गर्भ असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढं राहतं. काहींना खोटी गर्भधारणा होते. स्तन भरतात, दूध येतं, कुत्री खेळण्यांना पिल्लांसारखी जवळ घेऊन बसते. स्तन पिळू नका, पिळलं की दूध वाढतं. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. गर्भाशयातला पू, म्हणजे पायोमेट्रा, मात्र ओसरत नाही. प्रोजेस्टेरॉनने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं आणि आत शिरलेल्या ई. कोलायसारख्या जिवाणूंना आयती जागा मिळते. स्वीडनमधल्या विमा नोंदींवरून असं दिसलं की शस्त्रक्रिया न झालेल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार गाठतो. रॉटवायलर आणि गोल्डन त्यात पुढे. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते, म्हणून वय वाढतं तसा धोकाही वाढतच जातो.

भाद्रपदात माज आला तर पायोमेट्रा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. कुत्री भांडंभर पाणी पिते, घरचे म्हणतात ऑक्टोबर हीट आहे. खात नाही, म्हणतात फटाक्यांना घाबरली. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा स्राव तरी दिसतो. बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, पोट फुगतं, उलट्या होतात आणि काही दिवसांत कुत्री जाते. वेळेत आणलेली कुत्री मात्र शस्त्रक्रियेनंतर बहुधा पूर्ण बरी होते.

तेव्हा तुमच्या घरच्या कुत्रीचा माज गेल्या दोन-तीन महिन्यांत होऊन गेला असेल आणि ती नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, वारंवार लघवी करत असेल किंवा जेवणाला तोंड लावत नसेल, तर दिवाळीची सुट्टी संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. आणि आपल्या भागात सणाच्या रात्रीही उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा.